शेवग्याची वाळकी फांदी

वाई,
फाल्गुन वद्य पंचमी

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर बोलता बोलता तू गप्प झालीस आणि मग म्हणालीस, "काही नाही गं आई, कंटाळा आलाय." सव्वीस वर्षं तुझा आवाज ऐकतेय, बाळा. तो कंटाळ्याचा आवाज नव्हता. रात्रभर तेच मनात घोळत राहिलं, म्हणून सकाळी भाकरी टाकायच्या आधीच कागद घेऊन बसले. फोनवर हे सगळं मला बोलता येणार नाही.

आज रंगपंचमी. समोरची पोरं पिचकाऱ्या घेऊन उजाडल्यापासून ओरडताहेत. तिकडे कोथरूडात तू खोलीचं दार लावून बसली असशील. दिवसभर ऑफिसात माणसंच माणसं, आणि संध्याकाळी कुलूप उघडून आत पाऊल टाकलं की कुणीच नाही. तू सांगितलं नाहीस तरी मला कळतं, कारण इकडेही तेच आहे.

बाबा गेल्यापासून "मी मजेत आहे, माझी काळजी करू नकोस" असं मी तुला सांगत आले. ते खरं नव्हतं. मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळी दुधवाला आला. त्याला "आजपासून अर्धाच लिटर" एवढं सांगायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. घसा खाकरला, पाणी प्यायले, तेव्हा लक्षात आलं की आदल्या दुपारपासून मी एक शब्दही बोलले नव्हते. बोलायचं कुणाशी? त्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून खूप रडले. तुला कळवलं नाही, कारण तू नोकरी सोडून धावत आली असतीस.

परसातला शेवगा आठवतो ना? त्याची विहिरीकडची फांदी दोन वर्षांपूर्वीच वाळली होती. बाबा दर उन्हाळ्यात म्हणायचे, एवढी फांदी तोडायला हवी, आणि राहून जायचं. माघात मी गडी बोलावला. तो कोयता घेऊन वर चढणार तेवढ्यात माझं लक्ष फांदीच्या खालच्या अंगाला गेलं. रुपयाएवढं गोल भोक, आणि त्यातून लाकडाचा भुसा भुरभुरत होता. मग एक डोकं बाहेर आलं. कपाळावर लाल टिळा, गळा पिवळा, जाड चोचीभोवती मिशांसारखे केस, आणि चोचीत भुशाची चिमूट. मान झटकून त्याने ती टाकली आणि पुन्हा आत गेलं. तांबट! चिमणीहून जरासा मोठा हिरवा पक्षी, आणि ढोली कोरतोय स्वतःच्या चोचीने. गड्याला चहा पाजून परत पाठवलं.

त्या दिवसापासून सकाळी साडेसातला मी विहिरीच्या कट्ट्यावर बसते. दोघं आळीपाळीने कोरायची. एक दमलं की दुसरं. मधे एक जण पलीकडच्या उंबरावर जाऊन फळं खाऊन यायचा. आणि ऊन चढलं की त्याचं ते टुक टुक टुक टुक, एका लयीत, न थकता. लहानपणी तू विचारायचीस, हा पक्षी सुतार का लोहार? तेव्हा बाबांनी तुला कसबा पेठेतल्या तांबट आळीत नेलं होतं, आठवतंय? तांब्याच्या घंगाळावर मठारकाम चाललं होतं. लहान हातोडीचा एकेक ठोका, शेजारी शेजारी, सारख्या अंतरावर. तू कानांवर हात ठेवून म्हणालीस, "बाबा, इथे केवढे पक्षी आहेत!" ते वाक्य ते शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिले. मी कट्ट्यावर बसून त्या तांबटाला हे सांगितलं. हो, मोठ्याने. घशातून आवाज नीट निघाला.

तांबटाने काही बाबांची जागा भरली नाही. ती भरायची नाहीच. पण सकाळी उठायला एक कारण मिळालं. आज किती कोरलं, मांजर तर वर चढलं नाही ना, हे बघायला कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी मी होते.

परवा एसटीने पसरणीला उतरले आणि घाटाच्या रस्त्याने थोडी चालून गेले. पळस असा पेटलाय की अंगावर पान नाही, नुसती फुलं. बाबा रंगपंचमीला तुझ्यासाठी ही फुलं आणून रात्री गरम पाण्यात भिजत घालायचे. खाली पडलेली ओंजळभर मी वेचून आणली. एक फूल हातात घेऊन बघ कधीतरी. खालची पाकळी हुबेहूब पोपटाच्या चोचीसारखी बाक घेतलेली असते. म्हणूनच संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?' फुलं काल रात्री पातेल्यात घातली होती. सकाळी पाणी केशरी झालं. समोरच्या धाकट्या पोरीला बोलावून तिच्या गालाला लावलं. तिने माझ्याही लावलं. लिहिताना अजून ओलं आहे.

आता तुझं. तुझ्यापासून वेताळ टेकडी किती लांब आहे? रविवारी गर्दीत फोटो काढायला जाऊ नकोस. रोज सकाळी ऑफिसच्या आधी थोडी चढून जा आणि एकच झाड धर. गणेर असेल तर बघ, पानं झडलेल्या फांदीवर मोठी पिवळी फुलं असतात. नाहीतर रस्त्यातला पिंपळ चालेल. आता त्याला तांबूस पालवी फुटायचे दिवस आहेत. पावसाचा थेंब नाही, ऊन वाढतंय, आणि ही कोवळी पानं आत्ताच येतात. आज बोटाएवढी दिसली तर उद्या केवढी होतात, ते बघून ये आणि मला सांग. टेकडीवर रोज येणाऱ्या बायका असतात. चार दिवस एकाच झाडापाशी दिसलीस की त्याच विचारतील, काय बघतेस गं? तेवढं बोलणं पुरतं सुरुवातीला.

एवढ्यानेही जमलं नाही, रात्र खायला उठली, तर वेळ न बघता मला हाक मार. पहिल्या एसटीने स्वारगेटला उतरते. मनात ठेवून कुढत बसू नकोस, मी बसले तशी.

पाडवा दहा-अकरा दिवसांवर आलाय. परसातल्या कडुलिंबाला फुलं लागलीत. गुढीचा तांब्या, तोच तांबट आळीतला, चिंच लावून घासून ठेवते. कोरायचं थांबलंय आता, दोघांपैकी एक सारखं आतच असतं, म्हणजे अंडी घातली असावीत. आदल्या रात्रीच ये. सकाळी साडेसातला कट्ट्यावर दोघी बसू.

तुझी,
आई