सरांना, एका पिचरच्या आईकडून

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

तुम्ही माझ्या लेकाचे बेसबॉलचे कोच. समोर बोलायला गेले की "अहो, ते माझं कामच आहे" म्हणून तुम्ही विषय संपवता. म्हणून हे जाहीर पत्र. इंदूरच्या इतर खेळाडूंच्या आईबाबांनीही ते वाचावं.

त्या दिवशी पिचर म्हणून, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकताना, लेकाचा हात छान बसला होता, आपण पुढे होतो, आणि तुम्ही डगआऊटमधून, म्हणजे संघाच्या बाकावरून, उठून त्याच्याकडून चेंडू मागून घेतलात. बाजूनं ओरडा झाला, "अरे भिया, एक इनिंग और डालने दो!" तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. आम्हाला हातातला काउंटर दाखवलात: 85. अकरा-बारा वर्षांच्या मुलानं दिवसभरात याहून जास्त पिच (फलंदाजाला टाकलेले चेंडू) टाकायचे नाहीत, आणि 66 किंवा त्याहून जास्त झाले की चार दिवस हाताला विश्रांती, हा मुलांच्या बेसबॉलच्या लिटल लीगचा नियम. मग स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवून समजावलंत की या वयात इथलं हाड अजून वाढत असतं, त्याच्या टोकाशी कूर्चा असते आणि सारखा ताण बसला की ती दुखावते. मुलाच्या हाताची इतकी काळजी सामना चालू असताना करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

आमच्या घरात खेळ म्हणजे क्रिकेट. सासरे सी. के. नायडूंच्या गोष्टी ऐकत वाढलेले. चार वेळा रणजी जिंकलेल्या होळकर संघाचा त्यांना अभिमान, आणि तो रास्तच आहे. नातवाला प्रश्न ठरलेला: "आज पण शून्य?" तुम्ही त्यांच्याशेजारी बसून सांगितलंत की बेसबॉलमध्ये दहात तीनदा हिट मिळवणारा, म्हणजे चेंडू मारून बेसवर पोचणारा, उत्तम मानतात. अमेरिकेचा नामवंत फलंदाज टेड विल्यम्सची 1941 मधली सरासरी .406, म्हणजे दहातल्या जवळजवळ सहा वेळा त्यालाही हिट मिळाली नाही. आता आजोबा विचारतात, "चेंडू सोडले कुठले?" आणि दोघं तासभर त्यावरच बोलत बसतात.

मला सर्वांत उपयोगी पडलं ते तुमचं एक साधं सांगणं: परतताना मॅचचा विषय आपण काढायचा नाही. आम्ही छप्पन दुकानवर थांबतो. तो पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरतो, वरून शेव मागतो, शाळेतलं काहीबाही सांगतो. कधी मध्येच म्हणतो, "आई, तो थर्ड बेसचा थ्रो मी घाईत केला." आम्ही ऐकून घेतो.

बारा वर्षांच्या पोराच्या जिवावर घरानं स्पोर्ट्स कोट्याची गणितं मांडू नयेत, असं मला मनापासून वाटतं. उद्या तो पिचर राहील, नाहीतर तबला धरेल. आज त्याला मैदानावर जायची ओढ आहे, ती तुम्ही जपलीत.

पुढच्या सामन्यांना पिच मोजायचं काम माझ्याकडे द्या, म्हणजे तुम्हाला मुलांकडे नीट बघता येईल. हे आभारापोटी म्हणत नाही. मला ते काम खरंच करायचंय.

सासूबाई-सासऱ्यांचा नमस्कार.

आपली,
एका पिचरची आई