मागच्या बाकावर बस, ताई

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझा आवाज बसलेला वाटला. थंडी असेल तिकडे, कानाला बांधत जा.

नैरोबीच्या किबेरा वस्तीत शिकवायला जाऊन तुला पंधरा दिवस झाले. तिसरीचं गणित पूर्ण तुझ्याकडे दिलंय आणि तिथल्या बाई मागे बसून असतात, हे तू किती आनंदाने सांगितलंस! मला मात्र तेव्हापासून चैन नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या जन्माआधी मी चार हंगाम साखरशाळेवर ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिकवायला होते, हे तुला माहीत आहे. एक गोष्ट मात्र कधी सांगितली नाही. दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या यायच्या, कोप्या उभ्या राहायच्या. आईबाप पहाटेच फडात जायचे आणि पहिली ते चौथीची सगळी मुलं एका पत्र्याच्या शेडमध्ये माझ्यापुढे बसायची. एका वर्षी शहरातून कॉलेजची मुलं महिनाभर शिकवायला आली. मनाची चांगली होती. गाणी, रंगीत खडू, गोष्टी. मी आपली शेड त्यांना मोकळी करून दिली, कारण पोरं इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. महिना संपला, ती गेली. दुसऱ्या दिवशी मी फळ्यापुढे उभी राहिले तर सगळे डोळे रस्त्याकडे. सात वर्षांची एक पोर आठवडाभर शाळेत आलीच नाही, उसाच्या वाढ्याच्या भाऱ्यावर बसून त्यांच्या गाडीची वाट बघायची. मुलांनी पुन्हा मला बाई मानायला संक्रांत उजाडली.

तू तीन महिन्यांनी परत येशील. त्या बाई तुझ्याआधी तिथे होत्या, नंतरही असतील. केनियातल्या शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या, त्या सगळ्या वर्गांसाठी पुन्हा उघडायला जानेवारी २०२१ लागला. एवढ्या खंडानंतर कुठलं पोर कामाला लागलं, कुठलं गावी गेलं, हे वस्तीतल्या माणसालाच माहीत असतं गं. तेव्हा तास त्यांना परत दे. तू मागच्या बाकावर बस, आणि ज्या चार-पाच जणांना हातचा कळत नाही त्यांना जवळ घे. साठ मुलांच्या वर्गात एका बाईला तेवढंच जमत नाही.

मुलं 'सेव्हन्टीन' आणि 'सेव्हन्टी'त गोंधळतात म्हणालीस ना? मग स्वाहिलीत मोजायला लाव. मी शेजारच्या मुलाकडून मोबाइलवर शोधून घेतलं आणि थक्क झाले. अकरा म्हणजे 'कुमी ना मोजा', दहा आणि एक. एकोणीस म्हणजे 'कुमी ना तिसा', दहा आणि नऊ. दशक-एकक शब्दातच मांडून ठेवलंय! आपलं पोर 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहितं, ते तिथे होणार नाही. २०१९ मध्ये आपल्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतं? मी पुस्तकाच्या बाजूने होते, आजही आहे. आधी त्यांच्या शब्दांत दहाचे गठ्ठे बांधून होऊ देत, मग इंग्रजी. गठ्ठ्यांना काड्या नसतील तर सोड्याच्या बाटल्यांची बुचं चालतील. आणि हे वर्गात करण्याआधी बाईंना विचार. त्यांना ते माहीत असणारच, कदाचित तू इंग्रजीत सुरुवात केलीस म्हणून त्या गप्प राहिल्या असतील.

आता पैशांचं. २००३ मध्ये तिथल्या सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि दहा लाखांवर मुलं नव्याने शाळेत आली. पुढच्याच वर्षी किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा गणवेश घालून पहिलीत बसले. त्यांचा फोटो पाहिला की माझ्या घशात आवंढा येतो. पण किबेरासारख्या वस्तीत सरकारी शाळा पुरत नाहीत, म्हणून तर तुमच्यासारखी सेंटरं पालकांच्या तुटपुंज्या फीवर आणि देणग्यांवर चालतात. फी थकली की पगार थकतो. तू मित्रमैत्रिणींकडून जमवलेल्या पैशांत टॅब घ्यायचे म्हणतेस. त्याआधी बाईंचा किती महिन्यांचा पगार राहिलाय, ते मुख्याध्यापकांना विचार. राहिला असेल तर पैसे तिकडे जाऊ देत.

दहा वाजता मुलांना मिळणारी 'उजी' तू 'पेजेसारखं काहीतरी' म्हणालीस. अगं, 'विंबी'ची असेल तर ती आपली नाचणी, आणि आंबवलेली असेल तर सरळ आंबीलच! नाचणी मूळची तिकडच्याच डोंगरांतली, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. आजी तुला भरवायची तेव्हा तू तोंड फिरवायचीस. आता मुलांच्या पंगतीत बसून पी, वेगळा डबा नेऊ नकोस. काही मुलांचं दिवसातलं पहिलं अन्न तेच असतं. त्यांच्यासमोर आपण वेगळं खाणं मला सोसवत नाही.

आणि मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो टाकू नकोस. तू शाळेत असताना मला न विचारता तुझा फोटो कुणी छापला असता तर मी भांडायला गेले असते. त्यांच्याही आया आहेत.

माझी शंभर मण्यांची माळ अजून कपाटात आहे, दहा लाल, दहा पांढरे अशी ओवलेली. दोरा बदलून ठेवते. तिकडे येणारं कुणी असेल तर सांग, त्याच्याकडे देईन. ती बाईंच्या हातात दे आणि तिथेच राहू दे.

मागच्या आठवड्यात जो मुलगा तीन दिवस आला नव्हता आणि तू रडलीस, तो सोमवारी आला का? बाईंबरोबर त्याच्या घरी जाऊन ये, एकटी जाऊ नकोस. आणि काय झालं ते लगेच कळव, मी वाट बघतेय.

तुझी,
आई