क्वेकर घरातला नाताळ : शुभाला पत्र

बोर्नव्हिल, बर्मिंगहॅम
4 जानेवारी

प्रिय शुभा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र डिसेंबरातच मिळालं. उत्तर मुद्दाम लांबवलं, कारण तू विचारलंयस नाताळाबद्दल आणि तो आटोपल्याशिवाय मला दोन ओळी लिहायलाही बसता येत नाही. तुझा पहिला प्रश्न, मी 'ख्रिश्चन झाले का', हा तुझ्या आईने विचारायला लावलेला दिसतोय. काकूंना सांग, क्वेकर हा ख्रिश्चनांतलाच एक पंथ, पण त्यांच्यात बाप्तिस्माच नसतो, त्यामुळे 'झाले' म्हणायला काही विधीच नाही. नवरा, म्हणजे टॉम, त्यांचा रीतसर सभासद आहे. मी नुसती प्रार्थनासभेला जाऊन बसणारी, अशांना इथे 'अटेंडर' म्हणतात. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती बसतो. सासूबाई आरतीला टाळ्या वाजवतात आणि मोदक मागून घेतात.

दुसरा प्रश्न, घरात झाड, केक, सांताक्लॉज सगळं असतं का, हा मात्र तू आमच्या घरातल्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवून विचारलास.

कारण मुळात क्वेकरांना नाताळ मान्यच नव्हता. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्सने हा पंथ काढला तेव्हा त्यांचं म्हणणं सरळ होतं: देवाचे सगळे दिवस सारखेच, त्यातला एखादाच पवित्र कसा? म्हणून जुने क्वेकर 25 डिसेंबरला दुकानं उघडी ठेवत आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेत. वारांची आणि महिन्यांची नावं जुन्या देवांवरून पडलेली म्हणून तीही घेत नसत, रविवारला 'पहिला दिवस' म्हणायचे. सासूबाईंच्या आजीच्या घरात झाड कधी आलंच नाही. सासूबाईंच्या लहानपणी आलं ते कुंडीतलं, टेबलावर मावेल एवढं. आता आमच्याकडे पाच फुटी येतं आणि सासूबाई दरवर्षी त्याच्याकडे बघून म्हणतात, "यंदा जरा मोठंच आणलंत." यंदाचं गेल्या वर्षीपेक्षा लहान होतं.

अगं, तू नुसतं पुस्तकात वाचलेलं क्वेकर माणूस डोळ्यांपुढे आणू नकोस, काळी टोपी आणि 'क्वेकर ओट्स'च्या डब्यावरचं चित्र. त्या ओटच्या कंपनीचा यांच्याशी काही संबंधच नाही. चॉकलेटचा मात्र आहे. कॅडबरी, राउंट्री, फ्राय ही तिन्ही घराणी क्वेकर. आम्ही राहतो ते बोर्नव्हिल म्हणजे जॉर्ज कॅडबरीने कारखान्याशेजारी वसवलेलं गाव. दारू नको म्हणून गावात पब ठेवला नाही. शाळेच्या मनोऱ्यावर त्याने बसवलेल्या घंटांचा संच आहे, त्यावर गाणी वाजतात. 24 तारखेच्या संध्याकाळी सगळं गाव मधल्या हिरवळीवर जमतं आणि कडाक्याच्या थंडीत कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, म्हणतं. नाताळ न मानणाऱ्यांच्या गावातला हा नाताळ! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला मात्र एक अक्षर नाही.

आमची प्रार्थना तुला चमत्कारिक वाटेल. पाद्री नाही, वेदी नाही, मेणबत्ती नाही. खुर्च्या गोल मांडलेल्या, मध्ये टेबल, त्यावर फुलं आणि एकदोन पुस्तकं. सगळे गप्प बसायचं. कुणाला आतून वाटलं तर उठून बोलायचं, नाहीतर तासभर कुणीच बोलत नाही. मग दोन वडीलधारे एकमेकांशी हात मिळवतात की संपलं. नाताळच्या दिवशी अर्धाच तास बसतो, मुलांवर दया म्हणून. मला पहिल्यांदा हे फार जड गेलं नाही, कारण आपण वर्ध्याच्या. शाळेतून सेवाग्रामला न्यायचे, पिंपळाखाली प्रार्थनेआधी दोन मिनिटं शांत बसवायचे आणि तू मला चिमटे काढायचीस, आठवतं? बाबांनी लग्नाला विरोध केला तेव्हा त्यांचं मन वळलं तेही याच वाटेने. त्यांना कुणीतरी सांगितलं की मुलगा क्वेकर आहे. बाबा म्हणाले, "म्हणजे मार्जोरी साइक्सबाईंच्यातला?" नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या, कामात सेवाग्रामला राहिलेल्या त्या बाई क्वेकरच. 1930 साली मिठाच्या सत्याग्रहाआधी गांधीजींचं पत्र व्हाइसरॉयकडे घेऊन गेला तो रेजिनाल्ड रेनॉल्ड्सही क्वेकर. बाबांनी ही यादी मलाच ऐकवली आणि दुसऱ्या दिवशी पत्रिका छापायला टाकली.

बरं, नाताळ. खरी पंचाईत सांताक्लॉजची आहे.

या लोकांचं खरं बोलण्याचं वेड तुला ठाऊक नाही. कोर्टात शपथ घ्यायची नाही, कारण शपथ घेतली की इतर वेळी खोटं बोलायची मुभा आहे असं होतं. यासाठी त्यांनी तुरुंग भोगले. दुकानात एकच भाव ठेवायचा, कारण आधी चढा सांगून मग उतरवणं हेही खोटंच. (सासूबाई वर्ध्याला आल्या तेव्हा भाजीबाजारात आईने वांग्याचा भाव करायला सुरुवात केली तर या लाजून चार पावलं मागे सरकल्या.) आता अशा घरात लाल डगला घालून धुराड्यातून उतरणाऱ्या म्हाताऱ्याचं काय करायचं? बाहेर सगळं जग मुलांना छातीठोकपणे सांगतंय की तो येतो. शाळेत त्याला पत्रं लिहून घेतात.

सासूबाईंनी टॉमला चौथ्या वर्षी सांगून टाकलं होतं: मोजे आम्ही भरतो, हा सगळ्यांनी मिळून खेळायचा खेळ आहे. त्याने ते दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला सांगितलं आणि वर्गाच्या बाईंनी सासूबाईंना शाळेत बोलावून घेतलं. माझं मत वेगळं होतं. आपण नाही का उंदीरमामाला दात द्यायचो? चांदोमामा आपल्या कोणत्या नात्यातला होता? त्याने आपलं काय वाकडं झालं? थोरल्याच्या वेळी टॉम आणि मी यावरून चांगले कडाकडा भांडलो, तेही कुजबुजत, कारण मुलगा शेजारच्या खोलीत मोजा टांगून झोपला होता. शेवटी ठरलं ते सासूबाईंच्याच तोंडून: आपण होऊन गोष्ट मोडायची नाही, पण मुलाने सरळ विचारलं तर सरळ उत्तर द्यायचं. 'तुला काय वाटतं?' असली पळवाट नाही.

थोरल्याने सातव्या वर्षापर्यंत विचारलंच नाही. लबाड, त्याला माहीत असणार. धाकटीने पाचव्या वर्षी, बसमध्ये, भर गर्दीत खणखणीत आवाजात विचारलं, "आई, फादर ख्रिसमस खरा आहे का?" पुढच्या बाकावर दोन लहान मुलं होती. मी मराठीत उत्तर दिलं. म्हटलं, नाही गं राणी, पण आता तू मोठी झालीस, आता तू पण मोजे भरायचे. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येकाने दुसऱ्या कुणाचा तरी मोजा भरायचा असतो. आदल्या रात्री चिठ्ठ्या उडवतो. टाचेत संत्रं, वर अक्रोड, सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी, एक वस्तू हाताने केलेली आणि एक जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानातली. यंदा माझा मोजा धाकटीकडे होता. तिने मला कुणाचा तरी वापरलेला चष्म्याचा डबा दिला, आतल्या कापडावर जुन्या मालकाचं नाव तसंच. आणि हाताने केलेली वस्तू म्हणून एक कागद, त्यावर लिहिलेलं: 'एकदा तू ओरडशील तेव्हा मी उलट बोलणार नाही.' तो कागद मी अजून वटवलेला नाही. जपून वापरणार आहे.

बंदुका हा दुसरा वादाचा मुद्दा. क्वेकर युद्धाच्या विरोधात, हे तू ऐकलं असशील. टॉमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात बंदूक न उचलता क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकात, फ्रेंड्स ॲम्ब्युलन्स युनिटमध्ये, गेले. घरात त्यांचा फोटो आहे, रुग्णवाहिकेच्या बॉनेटवर बसून चहा पिताना. त्या फोटोखाली खेळण्यातली बंदूक कशी शोभेल? पण नणंदेचं घर यातलं काही मानत नाही. ती भली बाई दरवर्षी फोमच्या गोळ्यांची ही भली मोठी बंदूक थोरल्याला पाठवायची आणि आम्ही दरवर्षी 'फार आवडली' असं कळवायचं की नाही यावर चर्चा करायचो. खरं बोलायचं तर आवडली नाही. यंदा टॉमने नोव्हेंबरातच बहिणीला फोन करून स्पष्ट सांगितलं. ती आठवडाभर फुरंगटली, मग एक टेलिस्कोप आला, दुप्पट किमतीचा.

मी मात्र सासूबाईंना सांगून टाकलंय की आम्ही दिवाळीत टिकल्यांची बंदूक उडवून मोठ्या झालो आणि तू तर सुतळी बॉम्ब हातात पेटवायचीस. आपल्या वर्ध्याकडे किल्ल्याचं पुण्याइतकं वेड नव्हतं, पण इथल्या पुणेकरांकडे बघून आमच्या मुलांनीही हट्ट धरला आणि परसात मातीचा किल्ला उभा राहिला. मावळे बघून सासूबाई विचारात पडल्या. भाले, तलवारी! त्यांनी बराच वेळ निरखून गवळणीला आणि भाजीवाल्याला पुढच्या रांगेत आणलं, मावळ्यांना बुरुजामागे ठेवलं. थोरल्याने मावळे परत पुढे आणले. हे दिवसभर चालू होतं. दिवाळी संपल्यावर बाकी सगळं खोक्यात गेलं, गवळण राहिली. सासूबाईंनी लोकरीने विणलेला येशूजन्माचा गोठा आहे, मारिया, योसेफ, बाळ, तीन मेंढपाळ, एक गाढव जे उंटासारखं दिसतं. त्यात डोक्यावर घागर घेतलेली आपली गवळण मेंढपाळांच्या शेजारी उभी असते. सगळ्यांत उंच तीच.

जेवणाबद्दल लिहिल्याशिवाय तू मला सोडणार नाहीस. आम्ही शाकाहारी, त्यामुळे टर्की नाही, दाणे-अक्रोड-मशरूमचा भाजलेला लगदा. त्यात मी हिरवी मिरची घालते. पुडिंग नोव्हेंबरच्या अखेरीस करतात, घरातल्या प्रत्येकाने पळी फिरवून मनात इच्छा धरायची. इतर घरांत त्यावर ब्रँडी ओतून पेटवतात. सासूबाईंच्या माहेरी दारू वर्ज्य, म्हणून मनुका कोऱ्या चहात भिजतात आणि ज्योतबीत काही नाही. चव उत्तम. जेवणाआधी सगळ्यांनी टेबलाभोवती हात धरून गप्प राहायचं. संपल्याची खूण म्हणजे हात दाबायचा, तो दाब एकाकडून दुसऱ्याकडे फिरत जातो. भूक लागली की थोरला लगेच दाबतो. मग कागदी क्रॅकर ओढायचे, फट्ट आवाज होतो, आतून रंगीत कागदाचे मुकुट निघतात. यांच्या पूर्वजांनी राजापुढेही टोपी काढली नाही म्हणून मार खाल्ला आणि हे सगळे डोक्यावर जांभळे मुकुट घालून बटाटे वाढून घेत असतात. मला दरवर्षी हसू आवरत नाही.

पण सगळंच गोड आहे असं समजू नकोस. या लोकांचा साधेपणा कधीकधी मला फार महाग पडतो, अगदी शब्दशः. हातमागावरचा मफलर, न्याय्य भावाने घेतलेली कॉफी, डिंकाशिवाय बांधलेलं काहीतरी; आपल्या बाजारातल्या चार साड्या येतील एवढे पैसे साधेपणावर जातात आणि वर जरा समाधानही असतं चेहऱ्यावर. सभेत एकदा हे मी बोलले, उठून. नंतर चहाच्या वेळी एका आजींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बरं केलंस." (इथे त्यांनाही मुलं नुसत्या नावाने हाक मारतात, यांच्यात कुणाला पदवी नाही. मी मनातल्या मनात अजून 'अहो' लावते.)

म्हणून मला सगळ्यांत आवडतो तो अन्नपेढीचा, म्हणजे गरजूंना वाटायच्या किराण्याचा, खोका. इथे मुलं डिसेंबरात नाताळपर्यंतचे दिवस मोजायच्या पुठ्ठ्याच्या कॅलेंडरची रोज एक खिडकी उघडून आतलं चॉकलेट खातात. आम्ही रोज एक वस्तू खोक्यात टाकतो, पण नोव्हेंबरातच, कारण नाताळच्या तोंडावर दिलं तर वाटायला वेळ उरत नाही. टिकाऊ दूध, कडधान्याचे डबे, चहा, साबण. डबे रिंग ओढून उघडणारेच घ्यायचे, कारण न्यायला येणाऱ्याकडे ओपनर असेलच असं नाही, हे धाकटी दुकानात मला बजावते. एका वर्षी थोरल्याने स्वतःच्या पैशांनी महागडी बिस्किटं टाकली. टॉम म्हणाला, त्यापेक्षा तांदूळ दोन किलो आले असते. पोरगा म्हणाला, "त्यांच्याकडे नाताळ नाही का?" टॉम गप्प. बिस्किटं गेली.

तर असा आमचा नाताळ. वर्षभर चांगुलपणाने वागायला कुणी अडवत नाही, शुभा, पण डिसेंबरात सासर, माहेर, शाळा, दुकानं, नणंद सगळे एकदम दारात उभे राहतात आणि मग कळतं आपण काय मानतो ते.

आता कामाचं. तुझा भाचा फेब्रुवारीत कॉव्हेंट्रीला शिकायला येतोय म्हणालीस, त्याचा नंबर पाठव, पहिला आठवडा आमच्याकडेच उतरू दे. त्याच्याबरोबर चकलीची भाजणी दे, दोन किलोच्या वर नको, पोराच्या बॅगेचं वजन होतं. आणि गवळणीची घागर मांजराने पाडून फोडली आहे, वर्ध्याच्या बाजारात तसली दुसरी मिळाली तर बघ. काकूंचा गुडघा कसा आहे ते नीट लिही, 'बरा आहे' एवढंच नको.

तुझी,
वसू