लंगडे घोडे कुठे गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टाचेची तुटलेली शीर (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी) स्टेम सेलने जुळते, हा घोड्यांचे दाखले देणारा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. लेखकमहाशयांचं अभिनंदन. त्यांना अजून कुणी सुई टोचलेली दिसत नाही.

मला टोचली आहे. गेल्या वर्षीच्या शिमग्यात सहाणेसमोर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यासमोर, पालखी नाचवताना मागून कुणीतरी टाचेवर फाडकन लाथ घातली. शिव्या घालायला वळलो, तर मागे कुणीच नाही. शीर तुटली की असंच वाटतं म्हणे. पालखी शेजारच्याने सावरली, मला चौघांनी उचललं. इथल्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं, सहा महिने धीर धरा म्हणाले. मी कसला धरतोय! 'स्टेम सेल'ची पाटी बघून घाटावरच्या एका दवाखान्यात गेलो. दंडातून रक्त काढलं, यंत्रात पंधरा मिनिटं फिरवलं, वरचं पिवळं पाणी टाचेत टोचलं. चाळीस हजार! दहा कलमांचा आंबा त्यात गेला.

पुतणी पशुवैद्यकीला आहे. पावती बघून हसतच सुटली. "काका, ह्या तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स!" मूळ पेशींसाठी, म्हणजे खऱ्या स्टेम सेलसाठी, कमरेच्या हाडातला मगज नाहीतर चरबी काढावी लागते, वाढवायच्या तर काही आठवडे जातात. इंग्लंडातल्या पशुवैद्यांनी घोड्याच्या पायात त्या घातल्याचं 2003 सालीच छापून आलंय. शिरेला रक्तपुरवठा तुटपुंजा. ती भरते व्रणाच्या कच्च्या धाग्यांनी आणि तिथेच पुन्हा दुखावते, म्हणून हा खटाटोप. तरी 2012 च्या तिथल्याच एका पाहणीत साधारण चारातल्या एका घोड्याची शीर पुन्हा गेलीच. तुमच्या लेखात घोडे आहेत, हे लंगडे तेवढे गाळलेत.

आणि आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, 2017 मध्ये स्पष्ट लिहून ठेवलंय की रक्ताच्या विकारांवरचं रोपण सोडलं, तर मंजूर चाचणीबाहेर रुग्णाला मूळ पेशी देणं हा गैरप्रकार. ह्या एका ओळीला जागा नव्हती? लेखाखाली पाव पान जाहिरात मात्र नीट बसली.

यंदा पालखीला खांदा देता आला नाही. मानकऱ्यांनी बसायला खुर्ची दिली, तीही प्लास्टिकची.

जाता जाता : रविवारची पुरवणी आमच्याकडे सोमवारच्या एसटीने येते आणि शब्दकोड्याचं उत्तर सोमवारच्या अंकात असतं. दोन्ही एकदमच हातात पडतात.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी