काकूंच्या आयोडीनबद्दल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर काकूंना आता रेडिओॲक्टिव्ह आयोडीनचा डोस द्यायचा ठरलाय, हे कळलं. "चेर्नोबिलला जे पसरलं तेच आईला प्यायला द्यायचं?" असं तू फोनवर विचारलंस. दोन वाक्यांत उरकण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

हो, तेच आयोडीन-१३१. पण आधी मिठातलं साधं आयोडीन घे. त्याच्या अणूच्या मधोमध केंद्रक, त्यात ५३ प्रोटॉन आणि ७४ न्यूट्रॉन. भोवती ५३ इलेक्ट्रॉन. जवळपास सगळं वजन त्या इवल्याशा केंद्रकात, पण कुणाशी जोडायचं, कशात मिसळायचं, हे ठरतं ते बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर. आयोडीन-१३१ मध्येही प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन तेवढेच, न्यूट्रॉन मात्र ७८. हा फरक थायरॉइडला, म्हणजे गळ्यातल्या त्या ग्रंथीला, कळत नाही. हार्मोन बनवायला ती रक्तातलं आयोडीन ओढून घेते, मग ते कुठलंही असो. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीला अपघात झाला, तेव्हा आसपासच्या मुलांच्या पोटात ते दुधातून गेलं आणि त्यांच्या निरोगी ग्रंथींत साठलं, पुढे अनेकांना थायरॉइडचा कॅन्सर झाला. काकूंच्या बाबतीत हाच गुण कामाला लावायचाय. ऑपरेशननंतर कुठे थायरॉइडच्या उरल्यासुरल्या पेशी असतील तर त्या स्वतःच हे औषध ओढून घेतील. आयोडीनचं मीठ आणि मासळी बंद केलीय तीही त्यासाठीच. पेशी आयोडीनला भुकेल्या असल्या की डोस नीट लागू पडतो.

आता ते चार जादा न्यूट्रॉन. त्यांच्यामुळे केंद्रक टिकत नाही. कधीतरी एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, आतून एक इलेक्ट्रॉन वेगाने बाहेर फेकला जातो (हाच बीटा कण) आणि आयोडीनचा झेनॉन होतो. बीटा कण शरीरात फार तर दोनेक मिलिमीटर जातो, म्हणजे मारा जिथल्या तिथे. सोबत निघणारे गॅमा किरण मात्र शरीराबाहेर येतात. स्कॅनमध्ये औषध कुठे बसलंय ते त्यांच्यामुळेच दिसतं, आणि काकूंना वेगळ्या खोलीत ठेवतात तेही मुख्यतः त्यांच्यामुळेच.

कुठला अणू कधी फुटेल हे कुणालाच सांगता येत नाही. पण आठ दिवसांत निम्मे फुटतात, हे पक्कं. सोळा दिवसांनी पाव, चोवीस दिवसांनी आठवा हिस्सा. शिवाय बरंचसं लघवीवाटे जातं, त्यामुळे अंगातलं प्रमाण याहून लवकर उतरतं. भरपूर पाणी प्यायला आणि फ्लश दोनदा करायला सांगतील, ते काटेकोरपणे पाळा.

हे आयोडीन १९३८ मध्ये अमेरिकेत बर्कलीला लिव्हिंगूड आणि सीबोर्ग या शास्त्रज्ञांनी शोधलं. पुढे सीबोर्गच्या स्वतःच्या आईलाही याच औषधाचा उपयोग झाला. हे वाचलं तेव्हा मला काकूच आठवल्या. आणि आपल्याकडे मुंबईत तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) अणुभट्टीत टेल्युरियम या मूलद्रव्यावर न्यूट्रॉनांचा मारा करून ते बनवतात.

चिमीला आजीच्या कुशीत कधी जाऊ द्यायचं, ते डॉक्टर काकूंचा डोस पाहून सांगतील. तोवर व्हिडिओ कॉल चालू ठेव. गॅमा किरण अंगावर पडले म्हणून डबा, मोबाइल किंवा माणूस किरणोत्सारी होत नाही; जपायचं ते घाम, थुंकी, लघवीतून येणाऱ्या आयोडीनला. काकूंचे कपडे आणि ताट-वाटी काही दिवस वेगळी धुवा.

डोसच्या दिवशी मी येतोय. काकूंना साष्टांग नमस्कार, चिमीला गोड पापा.

तुझा,
अविनाश