जर्मनीतल्या फ्युर्थहून पत्र

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. थंडी सुरू व्हायला अवकाश आहे आणि जाकीट आधीच घेऊन ठेवलंय, तेव्हा आई, त्याची काळजी सोड.

बाबा, मी भंगार गोळा करतोय असं ताईनं तुम्हाला सांगितलं म्हणे. भंगार नाही ते. ग्रुंडिगच्या लाकडी स्पीकरची जोडी आहे, जुन्या बाजारात 30 युरोला मिळाली. कंपनी या फ्युर्थ गावचीच. मॅक्स ग्रुंडिगनं 1930 साली इथं रेडिओचं दुकान काढलं, त्यातून ती वाढली. 2003 साली दिवाळं निघालं. त्यांच्या जुन्या कचेरीत रेडिओचं म्युझियम आहे. तुम्ही याल तेव्हा पहिलं तिथंच नेणार.

हे स्पीकर कॉम्प्युटरला थेट जोडून वाजत नाहीत, मधे आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर लागतो. त्याचा तळहाताएवढा बोर्ड मिळतो, तो एका बॉक्सच्या आत बसवलाय. शॉकची भीती मनातून काढा. 230 व्होल्ट अडाप्टरमध्येच थांबतात, आत येतात ते 24 व्होल्ट डीसी.

खरं काम होतं ते कोनचं, म्हणजे स्पीकरमधला जो पडदा हलून आवाज काढतो त्याचं. कडेचा फोम इतका वाळला होता की बोट लावलं की राजगिऱ्याच्या वडीसारखा भुगा. तो खरवडून नवी कड चिकटवली. गोंद ओला आहे तोवर दोन्ही हातांच्या बोटांनी कोन हळूच दाबायचा आणि कान लावून ऐकायचं. आतली कॉईल, म्हणजे कोनला जोडलेलं तारेचं वेटोळं, घासत असेल तर बारीक खरखर येते. नाही आली की तसाच रात्रभर ठेवून द्यायचा. ट्वीटर म्हणजे बारीक, उंच आवाजाचा छोटा स्पीकर, त्याचे कपॅसिटर नावाचे जुने सुटे भागही बदलले, तेव्हा कुठं आवाज मोकळा झाला.

रविवारी मात्र ड्रिल हातात घ्यायचं नाही. हे तुम्हाला पटणार नाही म्हणून नीट सांगतो. इथं रविवारी शांतता पाळायची असते, आणि ती नुसती रीत नाही, कायदा आहे. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, गवत कापायचं यंत्र लावायचं नाही, दुकानं बंद. काचेच्या रिकाम्या बाटल्या टाकायला रस्त्यावर मोठी पिंपं असतात, त्यातही रविवारी बाटली टाकायची नाही, कारण फुटल्याचा आवाज होतो. बाटली टाकायलासुद्धा वार बघायचा! रात्री दहानंतर रोज तेच. म्हणून रविवारी तुमचा फोन आला की मी हळू बोलतो. आई, माझी तब्येत ठणठणीत आहे, उगाच संशय घेऊ नकोस.

काल या स्पीकरवर अब्दुल करीम खाँसाहेब लावले. 1937 ला ते गेले, म्हणजे ध्वनिमुद्रणं त्याआधीची, तरी तबला मागं राहतो आणि गळा पुढं येतो. बाबा, मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला तुम्ही मला मांडीवर घेऊन गाणं ऐकत बसायचात, ते आठवलं. 2019 च्या पुरात तुमचा रेडिओ भिजला तेव्हा मी इथं बसून मोबाईलवर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी बघत होतो, आणि तुम्ही दोघंच कपाटं वर चढवत होता. तो रेडिओ माळ्यावरून काढू नका. आतला कोन कागदाचा, तो पाण्यानं गेला असेल, पण बदलता येतो. मी आलो की करून देतो.

पैसे 5 तारखेला पाठवलेत. त्यातून स्लॅबच्या मिस्त्रीचं भागवा. सोसायटीचा हप्ता मी वेगळा भरतोय, एफडी मोडायची नाही. गणपतीला येणं जमत नाही, रजा मिळाली नाही. डिसेंबरचं तिकीट काढलंय. आरतीच्या वेळी ताईला व्हिडिओ कॉल लावायला सांगा, आता मला झांजा नीट ऐकू येतील.

तासगावच्या मुलीशी फोनवर बोललो. चांगली वाटली. तिला तिथली नोकरी सोडायची नाही आणि मला इथली इतक्यात सोडता येत नाही. तिच्या घरच्यांना अजून शब्द देऊ नका, डिसेंबरात समोरासमोर बसून बोलू. आई, मी टाळत नाहीये. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन मात्र माझ्यासाठी थांबवू नका, खर्च मी पाठवतो.

तुमचा,
धाकटा