डॉक्टर मॅडम, माझ्या लेकीचं खरं मानलंत

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

ऑपरेशनला परवा चार महिने झाले. एवढे दिवस हे पत्र लिहायला बसायचे आणि डोळे भरून यायचे, म्हणून राहून गेलं.

त्या रात्री तुमच्या सोनोग्राफी सेंटरचं शटर अर्धं खाली आलं होतं. यांच्या खांद्यावर लेक, माझ्या हातात दोन वर्षांच्या रिपोर्टांची पिशवी. ‘उद्या सकाळी या’ म्हणाला असतात तरी आम्ही काय करणार होतो? तुम्ही काहीच न बोलता शटर वर ढकललंत आणि आत जाऊन दिवा लावलात.

नऊ वर्षांची पोर दोन वर्षं पोट धरून रडत होती. दुखणं यायचं, दोन-तीन तासांत आपोआप जायचं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत पोट मऊ. एकाने जंताचं औषध दिलं, दुसऱ्याने अ‍ॅसिडिटीचं. तिसऱ्याने तर तिच्यासमोरच सांगितलं, शाळा बुडवायची नाटकं आहेत, लाड कमी करा. आणि मॅडम, मी ते ऐकलं. परीक्षेच्या दिवशी कळवळणाऱ्या लेकराला मी हाताला धरून शाळेत नेऊन सोडलं. हे मला आयुष्यभर सलणार आहे.

राग त्या औषधांचा नाही, आजार दुर्मीळ होता हे कळतं मला. राग येतो तो आधीच्या दोन सोनोग्राफींचा. दोन्ही रिपोर्टांत छापलेलं आहे, प्लीहा नॉर्मल. जी डाव्या बरगड्यांखाली आपल्या जागेवरच नव्हती ती नॉर्मल कशी? तयार मजकुरात फक्त नाव आणि वय बदललं असणार. आत नजर टाकायला पाच मिनिटंसुद्धा कुणाकडे नव्हती.

तुम्ही डाव्या बरगड्यांखाली प्रोब ठेवलात आणि थांबलात. तिला उजव्या कुशीवर वळवलंत, परत पाहिलंत. अपेंडिक्स बघायला पाठवलं होतं, ते उजवीकडे, तरी तुम्ही डावीकडची रिकामी जागा सोडली नाहीत. मग मला न विचारता तिलाच विचारलंत, ‘बाळा, कुठं दुखतं ते तूच दाखव.’ तिने बेंबीच्या खाली बोट ठेवलं. तिथेच होती ती, फुगलेली.

आणि मग जे केलंत त्यासाठी हे सगळं पत्र आहे. तिच्या पोटावरची जेल पुसलीत, तिचा छोटा हात तुमच्या हातात घेतलात आणि त्या गाठीवर हलकेच टेकवलात. ‘ही बघ, ही तुझी प्लीहा. तू सांगत होतीस ते सगळं खरं होतं हं.’ लेक माझ्याकडे बघायला लागली. दुखत होतं, तरी तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. ते मी विसरणार नाही.

मिरजेच्या सर्जनना फोन तुम्हीच केलात. तो होईपर्यंत दोन वाक्यांत आम्हाला समजावलंत. प्लीहा ज्या पडद्यांनी जागेवर बांधलेली असते ते हिच्यात जन्मापासूनच सैल किंवा नाहीत, म्हणून ती नुसत्या रक्तवाहिन्यांच्या देठावर लोंबकळते. देठाला पीळ पडला की रक्त अडतं, प्लीहा फुगते, दुखतं. पीळ सुटला की दुखणंही जातं. वाँडरिंग स्प्लीन, फिरती प्लीहा. माझ्या सासूबाईंना प्लीहा कळेना, ‘पानथरी’ म्हटल्यावर कळलं. ‘पानथरी वाढते ते ऐकलंय, फिरते ते आजच ऐकलं,’ म्हणाल्या.

डॉपलरवर, म्हणजे रक्त वाहताना दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, प्लीहेला थोडं रक्त अजून जात होतं. पहाटे सर्जननी ऑपरेशन करून पीळ सोडवला, प्लीहेचा रंग परत आला आणि ती जाळीच्या पिशवीत घालून डाव्या बाजूला पक्की बसवली. उशीर झाला असता तर काढूनच टाकावी लागली असती, असं सर्जन म्हणाले. मग जंतूंशी लढणारी प्लीहाच नाही म्हणून न्यूमोकोकससारख्या जंतूंची भीती जन्मभर, साध्या तापातही दवाखान्याकडे पळायचं. ते टळलं.

बिल भरायला हे दुसऱ्या दिवशी आले तर तुमच्या काउंटरवरच्या दादांनी सांगितलं, मॅडमनी नाव रजिस्टरला घेतलं, पैसे घेऊ नका म्हणाल्यात. त्याच दादांनी त्या रात्री सासूबाईंना स्वतःची खुर्ची दिली होती. अशी माणसं भेटली की वाटतं, मोठ्या मशिनीपेक्षा समोरच्याचं ऐकून घेणारा माणूस मिळणं अवघड झालंय. लहान मुलाचं ऐकणारा तर फारच.

लेक आता शाळेत खो-खो बघायला उभी राहते. खेळायची परवानगी मिळायची आहे, त्यासाठी रोज विचारते. पुढच्या तपासणीला तुमच्याकडेच यायचं हा तिचा हट्ट. कालच कॉटवर आडवी होऊन मला दाखवत होती. ‘आई, मॅडम असं वळायला सांगतात,’ आणि न सांगता उजव्या कुशीवर वळली.

तुमची कायमची ऋणी,
तिची आई